श्टुटगार्टमध्ये भाड्याचे घर

नोकरीचे पत्र आणि व्हिसा हाती पडला, की जर्मनीला जाण्याची तयारी पूर्ण झाली असे अनेकांना वाटते. घराचा प्रश्न मात्र तेथे पोहोचल्यावरच खऱ्या अर्थाने उभा राहतो. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश या कंपन्यांमुळे दक्षिण जर्मनीतील श्टुटगार्ट हे शहर भारतीय अभियंत्यांच्या परिचयाचे आहे. १९६८ पासून ते मुंबईचे भगिनी शहरही आहे. द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट दरीत ते वसले असल्याने विस्ताराला जागा कमी आणि भाडी चढी. त्यामुळे एसलिंगन, ब्योब्लिंगन, लुडविग्सबुर्ग अशा लोकल रेल्वेने जोडलेल्या गावांचाही विचार करावा लागतो.

जाहिरात वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. खोल्यांच्या संख्येत स्वयंपाकघर व न्हाणीघर धरत नाहीत. म्हणजे ‘दोन खोल्यांचे घर’ हे साधारणपणे आपल्याकडील वन बीएचके होय. दुसरी गोष्ट भाड्याची. ‘काल्टमीटे’ म्हणजे ‘थंड’ भाडे हे केवळ जागेचे. त्यात पाणी, कचरा, जिन्याची देखभाल आणि बहुधा हीटिंगचा खर्च मिळविला की ‘वार्ममीटे’ अर्थात ‘उबदार’ भाडे होते. विजेचे बिल बहुतेक वेळा त्याहून वेगळे. अंदाजपत्रक उबदार आकड्यावरच बांधावे.

निम्म्याहून अधिक जर्मन लोक भाड्याच्या घरात राहतात आणि चांगल्या घरासाठी अर्जांची रीघ लागते. घरमालक पगाराच्या तीन पावत्या, आधीच्या घरमालकाचा दाखला आणि ‘शूफा’ या पतसंस्थेचा अहवाल मागतो. नवागताकडे यातले काहीच नसते. शिवाय घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. ही नोंदणी झाल्याशिवाय करक्रमांक मिळत नाही, पुढची अनेक कामेही अडतात. या कोंडीतून सुटण्याचा रूढ मार्ग म्हणजे पहिले काही महिने सामायिक घरातील खोली किंवा सुसज्ज तात्पुरती जागा घेणे. मात्र तेथे नोंदणी करता येईल ना, हे आधीच विचारावे. ‘नोंदणी सोडून सगळे मिळेल’ असे सांगणारी जागा नवागताच्या कामाची नाही. ‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने येईल’ हा तर सरळसरळ फसवणुकीचा प्रकार. दलालाचे शुल्क ज्याने त्याला काम दिले त्यानेच भरायचे, असा नियम २०१५ पासून आहे. बहुधा तो घरमालकच असतो.

एकदा करार झाला, की कायद्याचे पारडे भाडेकरूकडे झुकते. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची सवय असलेल्या मराठी माणसाला याचे नवल वाटेल. नेहमीचा करार बेमुदत असतो. स्वतःच्या कुटुंबाला जागा हवी, यांसारखे कायद्याने मान्य केलेले कारण असल्याशिवाय नियमित भाडे भरणाऱ्या भाडेकरूला मालक काढू शकत नाही. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे.

घर ताब्यात घेताना धक्का बसतो तो स्वयंपाकघरात. अनेक घरांत तेथे केवळ नळाची जोडणी असते. ओटा, शेगडी, सिंक सारे स्वतः आणायचे किंवा जुन्या भाडेकरूकडून विकत घ्यायचे. भिंतीवरचे ओरखडे, फरशीचे डाग, मीटरचे आकडे असे सर्व हस्तांतरणाच्या कागदावर नोंदवून घ्यावे, कारण अनामतीचा वाद पुढे याच कागदावर तुटतो. हिवाळ्यातही खिडक्या रोज काही मिनिटे सताड उघडाव्या लागतात. भिंतीला बुरशी आली तर बोट प्रथम भाडेकरूकडे वळते.

या भागाची खासियत म्हणजे ‘केअरवोखे’. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याचे काम त्याचे. पदाने कितीही मोठा अधिकारी असला तरी शेजाऱ्यांचे लक्ष असते, आणि करारात हे कलम असेल तर टाळाटाळ चालत नाही.

घर सोडताना तीन महिन्यांची नोटीस लागते. महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत ती मालकाला पोहोचली, तरच तो महिना मोजला जातो. ई-मेल ग्राह्य धरत नाहीत. सही केलेला कागदच द्यावा लागतो.