लहान लीगची मोठी गोष्ट

भामरागडच्या कॉलेजमधल्या खेळाडूंचा पहिला सामना अंतराशी असतो. कॉलेज सुरू होतं पावसाळ्यात आणि पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद.

२०११पर्यंत चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. विद्यापीठाच्या कबड्डी संघात यायचं, तर नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियाच्या खेळाडूंनाही मागे टाकावं लागे.

२०११मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं. आता आंतरमहाविद्यालयीन हंगाम या दोनच जिल्ह्यांचा आणि त्यातून निवडलेला संघ थेट देशातल्या इतर विद्यापीठांशी भिडतो.

कुणी म्हणेल, लीग लहान झाली. मी म्हणेन, दार जवळ आलं. इथल्या पोरीच्या जर्सीवर आता तिच्याच मुलखाचं नाव असतं.