प्रोलॅक्टिनची रूपे आणि त्यांची पारख
एखाद्या भगिनीच्या रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेले आढळले, की मेंदूतील पीयूषिका ग्रंथीवर गाठ असल्याची शंका घरादाराला ग्रासते. परंतु १९७१ च्या सुमारास किरणोत्सारी पद्धतीने सुकर झालेल्या प्रोलॅक्टिनच्या मोजणीचा इतिहास सबुरीचाच दाखला देतो. १९७४ मध्ये जेल-गाळणीने २३ हजार डाल्टन वजनाच्या मूळ रूपाबरोबर अतिविशाल रूपेही (मॅक्रोप्रोलॅक्टिन) उघडकीस आली. ती बहुधा प्रतिपिंडांनी जखडलेली व शरीरात जवळजवळ निष्प्रभ असतात, हे पुढे सिद्ध झाले. यथाकाल, सीरममध्ये तितकेच पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे द्रावण मिसळून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरच्या निवळीत मूळच्या ४० टक्क्यांहून कमी प्रोलॅक्टिन उरल्यास मॅक्रोप्रोलॅक्टिनचा निर्वाळा देण्याची अल्पखर्चिक रीत रूढ झाली. लक्षणे नसतील, तर एमआरआयपूर्वी या चाचणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.