भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी शैक्षणिक साहाय्य (अहिल्यानगर जिल्हा)

महाराष्ट्राच्या यादीतील विमुक्त जाती व भटक्या जमाती, अनुसूचित जमातींत मोडणारे फासेपारधी आणि हंगामी स्थलांतर करणारी ऊसतोड कुटुंबे यांच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या, आश्रमशाळा, वसतिगृहे व प्रवेशाच्या सवलती यांचा या नोंदीत विचार केला आहे. हा जिल्हा (२०२४ पर्यंत अहमदनगर) क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. उत्तरेकडील कालव्यांच्या पट्ट्यात साखर कारखाने, तर पाथर्डी, जामखेड, कर्जत या अवर्षणप्रवण तालुक्यांतून तोडणीला निघणाऱ्या टोळ्या, अशी त्याची दुहेरी रचना आहे. साहाय्याच्या योजना कमी नाहीत. परंतु त्यांतील बहुतेक एखाद्या गावाला, इमारतीला किंवा दाखल्याला बांधलेल्या आहेत, आणि ज्याच्यासाठी त्या आखल्या ते मूल वर्षातून दोनदा तरी मुक्काम हलवते. योजनांचे अपुरे यश पालकांच्या अनास्थेपेक्षा या विसंगतीतून अधिक समजते.

पूर्वपीठिका : १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या. त्यानंतरच्या धोरणाचा भर ‘स्थिर करण्या’वर राहिला. आधी वस्ती बसवावी, मग शाळा आपोआप येईल, ही त्यामागची धारणा. स्वयंसेवी संस्थांनी चालवलेल्या अनुदानित आश्रमशाळा याच विचारातून वाढल्या. केंद्राने नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ मध्ये व इदाते आयोगाने २०१८ मध्ये अहवाल दिले.

पात्रता व दाखले : विमुक्त जाती व भटक्या जमातींना राज्यात एकूण ११ टक्के आरक्षण आहे, ते चार गटांत विभागलेले आहे. जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे राज्यातील वास्तव्य दाखवावे लागते. ज्यांचे आजोबा पालात जन्मले, ज्यांच्या नावावर सातबारा नाही, ज्यांच्या घरात शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी, त्यांनी हा पुरावा कोठून आणावा? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, आणि घरात कोणी शिकलेले नाही म्हणून दाखला नाही, असे हे चक्र आहे. पुरावा सैल केला तर खोटे दावेदार घुसतील, हा आक्षेप निराधार नाही. नोकरी आणि व्यावसायिक प्रवेशांत तसे घडले आहे. परंतु तिसरीतल्या मुलाच्या वह्यांसाठी नोकरीइतकीच कडक पडताळणी मागणे समर्थनीय ठरत नाही. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. प्राथमिक स्तरावरील साहाय्यालाही हाच न्याय लावता येईल. फासेपारध्यांची अडचण निराळी आहे. त्यांच्या योजना आदिवासी विकास विभागाकडे. जिल्ह्यातील प्रकल्प कार्यालय अकोले तालुक्यात राजूरला, सह्याद्रीच्या कुशीत. पारधी वस्त्या मात्र मुख्यतः श्रीगोंदा, कर्जत, जामखेड या दक्षिणेकडील तालुक्यांत. जिल्ह्याचे एक टोक ते दुसरे टोक एवढे अंतर एका अर्जासाठी कापावे लागते. मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे; तिचा दर पाचवी ते सातवीला महिना ६० रुपये व आठवी ते दहावीला १०० रुपये असा दीर्घकाळ राहिला. तोडणीवरची एका दिवसाची मजुरी याहून जास्त असते.

ऊसतोड कुटुंबांची मुले : लोणी येथे १९५० मध्ये सुरू झालेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्यापासून ऊसतोडीचे स्थलांतर या जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेत रुजले. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी (यांना ‘कोयता’ म्हणतात) दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पट्टा पडला की, म्हणजे गाळप हंगाम संपला की, मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळेचे वर्ष जूनचे. म्हणजे मूल पहिले सत्र गावात, दुसरे कोपीवर (तळावरच्या तात्पुरत्या झोपडीत). मोठी बहीण धाकट्यांना सांभाळते, म्हणून शाळा प्रथम तिची सुटते. कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या, पण शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांना नियमित शाळांतच घालायचे ठरल्याने त्या मागे पडल्या. साखरशाळा म्हणजे दुय्यम शाळा, ही टीका बऱ्याच अंशी खरी होती. तरीही ती बंद करून मुलाला तळापासून दूरच्या गावशाळेत पाठवणे हा पर्याय कागदावरच राहतो, कारण भरउन्हात ऊसवाहतुकीच्या रस्त्याने ते एकटे जात नाही. याच कायद्याने स्थलांतरित मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे, आणि दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवण्यास मनाई केली आहे. तरतूद आहे, उणीव आहे ती मुलाची हजेरी आणि प्रगती एका शाळेतून दुसरीकडे वेळेत पोचवणाऱ्या माणसाची.

दुसरा मार्ग मुलाला गावीच ठेवण्याचा. हंगामी वसतिगृहे आणि २०२१ मध्ये जाहीर झालेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना या त्याच मार्गाच्या. तिच्या पहिल्या टप्प्यात जिल्ह्यातील पाथर्डी व जामखेड हे तालुके होते, आणि प्रत्येक वसतिगृहाची क्षमता १०० ठरली. वसतिगृह हाच अखेरचा उपाय, असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि दहावी-बारावीच्या मुलांबाबत ते मान्य करावे लागते. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला पाच महिने आईवेगळे ठेवणे हे शिक्षणाचे मोल म्हणून मागता येत नाही. लहानांसाठी शाळेनेच तळावर जावे. नोंद मात्र मूळ शाळेच्या पटावर राहावी.

मढी : पाथर्डी तालुक्यातील कानिफनाथांची ही यात्रा भटक्यांची पंढरी म्हणून ओळखली जाते. रंगपंचमीच्या आसपास येथे विविध जमाती जमतात, आणि जातपंचायती भरण्याचीही येथे परंपरा होती. एरवी विखुरलेली कुटुंबे वर्षातून एकदा एका ठिकाणी सापडतात. जातीचे दाखले व शाळाप्रवेश यांचे काम येथेच करणे सोयीचे होईल.

स्वयंसेवी कार्य : जामखेडजवळ मोहाफाटा येथे ग्रामीण विकास केंद्राचे निवारा बालगृह आहे.

तमाशाफडांतील मुले : ऊसतोडीप्रमाणे फडाचा हंगामही दसऱ्यापासूनच सुरू होतो आणि शालेय वर्ष मध्येच तोडतो.

उच्च शिक्षण : वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०२३ मध्ये ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. ओबीसी, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्ग मिळून दर जिल्ह्यात ६०० विद्यार्थ्यांना निवास-भोजनाची रक्कम थेट बँक खात्यात मिळते. येथे पैसा इमारतीमागे न जाता विद्यार्थ्यामागे जातो, म्हणून ती या यादीत वेगळी उठून दिसते. परंतु तिचा लाभ बारावीनंतरचा आहे, आणि कोपीवरची गळती त्याआधीच कितीतरी वर्षे झालेली असते.