गंजलेल्या मोटारीचा सौदा

मोटार गंजली म्हणजे ती मोडीतच घालावी काय? पुणतांब्याच्या ज्या गृहस्थास असा सौदा करावयाचा असेल, त्याने आधी अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, रणगाडा संग्रहालय पाहावे. तेथील रोल्स-रॉईस ही सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर चढविलेली चिलखती मोटार. त्या काळी सांगाडा निराळा, पेटी निराळी. पेटी कुजली तरी नवी बसविता येई. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या पद्मिनीची घडण मात्र एकसंध. तिचा तळपत्रा गेला की कणाच गेला! विकणारा रंग दाखवितो. घेणाऱ्याने खाली वाकून पत्रा ठोकावा. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील मोटारीस निराळी नोंदणी मिळते. परंतु तिच्यावर भाडे मारता येत नाही, हेही हिशेबात धरावे.