ऑस्ट्रेलियातील घटनादुरुस्ती आणि दैनंदिन कायदा

ऑस्ट्रेलियाची राज्यघटना 1 जानेवारी 1901 रोजी अमलात आली. भारतात अनुच्छेद 368 नुसार संसद घटना बदलते; ऑस्ट्रेलियात कलम 128 नुसार सार्वमत घ्यावेच लागते. देशभरातील बहुमताबरोबर सहापैकी किमान चार राज्यांतही बहुमत लागते. त्यामुळे 45 प्रस्तावांपैकी केवळ 8 मंजूर झाले.

रोजच्या जीवनाला सर्वाधिक भिडली ती 1946 ची दुरुस्ती. केंद्राचा औषधलाभ कायदा उच्च न्यायालयाने 1945 मध्ये अवैध ठरवला होता. तेवढा अधिकारच केंद्राकडे नव्हता. दुरुस्तीने बेकारी भत्ता, औषधे, रुग्णालय व वैद्यकीय सेवा यांवर कायदे करण्याची मुभा मिळाली, मात्र डॉक्टरांना सक्तीने राबवता येणार नाही, या अटीवर. ठरावीक सरकारी नमुन्यावरच औषध लिहून देण्याची सक्ती न्यायालयाने 1949 मध्ये याच अटीवर बोट ठेवून रद्द केली. मेलबर्नमधील मराठी कुटुंब दवाखान्यात सरकारी आरोग्यविम्याचे मेडिकेअर कार्ड दाखवते, तेव्हा त्यामागे हीच दुरुस्ती उभी असते. काही डॉक्टर सरकारी परताव्याहून अधिक शुल्क घेतात, त्याचा संबंधही या अटीशी पोचतो.

1967 च्या दुरुस्तीने आदिवासींना लोकसंख्येच्या गणनेतून वगळणारे कलम 127 काढून टाकले. 90 टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला. ही दुरुस्ती सर्वांत न्याय्य म्हणावी लागेल. मतदानाचा हक्क मात्र आदिवासींना केंद्रीय निवडणुकांसाठी 1962 मध्ये साध्या कायद्यानेच मिळाला होता. या दोन गोष्टींची अनेकदा गल्लत होते.

घटनेत आदिवासींचे सल्लागार मंडळ आणण्याचा प्रस्ताव मात्र 14 ऑक्टोबर 2023 रोजी सहाही राज्यांत फेटाळला गेला.