वीस वार कापड आणि सुईदोरा

घरच्या घरी सुईदोरा चालवून चार पैसे वाचविणे हा आपल्या संसाराचा जुना शिरस्ता होय. परंतु काटकसर दोन प्रकारची असते: एकीत आपले हात झिजतात, दुसरीत परक्याची मजुरी. चांदा, म्हणजे हल्लीचा चंद्रपूर, या जिल्ह्याच्या इतिहासात हा भेद स्पष्ट दिसतो. आजचा गडचिरोली जिल्हा १९८२ पर्यंत त्यातच मोडत असे.

नागपुरास १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे चरखा टिकेना. पुढे १९२५ साली चरखा संघ स्थापन झाला आणि चांदा जिल्ह्यातील सावली हे गाव खादीचे केंद्र म्हणून नावारूपास आले. पण खादी खपावयाची तर ती स्वस्त हवी, आणि ती स्वस्त करावयाची तर कातणारणीच्या मजुरीलाच कात्री लागे. म्हणून १९३५ साली संघाने ठराव केला: आठ तास नेटाने कातणाऱ्यास किमान अन्न आणि वर्षाला वीस वार कापड मिळेल, इतकी मजुरी द्यावी. पुढील वर्षी गांधी सेवा संघाचे संमेलन सावलीसच भरले व स्वतः गांधीजी तेथे उपस्थित होते.

या वीस वारांचा हिशेब आम्ही करून पाहिला. नऊवारी लुगडी दोन, म्हणजे अठरा वार. उरलेल्या दोन वारांत चोळ्या. संपले! यात अंथरूण नाही, पांघरूण नाही, बाळाचे अंगडे-टोपडे नाही. मग ही सारी यावयाची कोठून? अर्थातच जुन्या लुगड्यातून. मध्ये विरलेले लुगडे कापून शाबूत भाग जोडावयाचे, म्हणजे दंड घालावयाचा. दंडही विरला की दुपटी, कुंची, पिशवी शिवावयाची. अखेर उरलेल्या चिंध्यांचे थर लावून धावदोऱ्याने गोधडी भरावयाची. थंडीत ती गोधडी किती ऊब देते, हे निजणाऱ्यासच ठाऊक.

मजुरी वाढली तशी खादी महागली, आणि सुशिक्षित कुटुंबांपुढे पेच पडला. स्वस्त कापडाकडे वळावे, की घेतलेले कापड अधिक काळ पुरवावे? दुसरा मार्ग सुईचा होता. पुढे महायुद्धाच्या टंचाईत, १९४३ साली कापडावर नियंत्रण आले, तेव्हा तो सर्वांनाच धरावा लागला. मात्र तेव्हा ती निवड नव्हती, निरुपाय होता.

आज तयार कपडा इतका स्वस्त मिळतो की शिवण्यापेक्षा टाकणेच परवडते, असे पुष्कळांस वाटते. त्यांनी एवढेच पाहावे की ती स्वस्ताई कोणाच्या मजुरीतून आली आहे. जुन्या लुगड्याची गोधडी शिवणारी आजी पैसे वाचवीतच होती; पण ते कोणाच्या ताटातून काढलेले नव्हते.