एका गुणाकाराची दहा वर्षे

२००४ सालच्या उन्हाळ्यात चारशे डॉलरच्या आसपासचे ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालेल्या माणसापुढे दोन नावे होती. कॅलिफोर्नियातल्या एनव्हीडियाचे ‘जीफोर्स ६८०० जीटी’ आणि कॅनडातल्या एटीआयचे ‘रेडिऑन एक्स ८०० प्रो’. पहिल्यात १६ पिक्सेल पाइपलाइन आणि ३५० मेगाहर्ट्झचा क्लॉक. दुसऱ्यात १२ पाइपलाइन आणि ४७५ मेगाहर्ट्झ. गुणाकार करून पाहा. एकीकडे ५,६००, दुसरीकडे ५,७००. शंभरात दोनाचासुद्धा फरक नाही. एकमेकींच्या जिवावर उठलेल्या दोन कंपन्या दोन उलट्या वाटांनी निघाल्या आणि त्याच किमतीला, त्याच आकड्यावर येऊन उभ्या राहिल्या.

त्या काळात कार्ड निवडणारा जाणकार गिऱ्हाईक हाच गुणाकार करत असे. पाइपलाइन गुणिले क्लॉक म्हणजे ‘फिलरेट’, सेकंदाला जास्तीत जास्त किती पिक्सेल रंगवता येतील ते. साधारण १९९६ ते २००६ एवढेच या गुणाकाराचे आयुष्य. संगणकशास्त्राची पदवी नसलेल्या माझ्यासारख्याला या दशकाची ओढ वाटते, कारण इथे इतिहास खोक्यावर छापलेला आहे आणि तो कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतो. तपासायला बसले की खोक्यावरचे सगळेच शब्द सारखे भरवशाचे नाहीत, हेही लवकरच कळते.

पाइपलाइन म्हणजे काय, ते पंगतीवरून सांगतो. पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल हे एक पान समजा. १०२४ बाय ७६८ च्या पडद्यावर अशी ७,८६,४३२ पाने असतात आणि खेळ सुरळीत दिसायचा तर सेकंदाला साठ पंगती उठवाव्या लागतात. शिवाय एकामागे एक वस्तू असल्या की तेच पान तीन-चारदा वाढले जाते. पाइपलाइन म्हणजे वाढपी, क्लॉक म्हणजे त्याची चपळाई. पंगत लवकर उठवायची तर वाढपी वाढवा, नाहीतर आहेत त्यांना पळवा. शेजारच्या पानावर काय वाढले याच्याशी या पानाला फारसे देणेघेणे नसते, म्हणून सोळा वाढपी एकमेकांच्या पायात न येता काम करू शकतात. सगळ्याच गणितांना ही सोय नसते. जिथे पुढची पायरी मागच्या उत्तरावर अडून बसते, तिथे शंभर माणसे लावूनही उपयोग होत नाही.

सुरुवात एका वाढप्यापासून झाली. ३डीएफएक्स कंपनीचे १९९६ चे ‘वूडू’ कार्ड ५० मेगाहर्ट्झवर चाले आणि ठोक्याला एक पिक्सेल काढी. १९९८ मध्ये एनव्हीडियाच्या ‘रिव्हा टीएनटी’ने दोन पाइपलाइन आणल्या, क्लॉक ९०. पुढच्या वर्षी दोन्ही वाटा उघड फुटल्या. ३डीएफएक्सच्या ‘वूडू ३’ची ३००० ही आवृत्ती १६६ मेगाहर्ट्झवर धावे, पण पिक्सेल पाइपलाइन एकच. एनव्हीडियाच्या ‘जीफोर्स २५६’चा क्लॉक अवघा १२०, पण पाइपलाइन चार. गुणाकार १६६ विरुद्ध ४८०. ३डीएफएक्सने जाहिरातीत मात्र ३३३ चा आकडा मिरवला, कारण त्यांची एकुलती एक पाइपलाइन एका ठोक्यात एका पिक्सेलवर चित्राचे दोन थर चढवू शके आणि त्यांनी पिक्सेल न मोजता थर मोजले. हे खोटे नव्हते. फक्त गुणाकारातली एक संख्या आपल्या सोयीने निवडलेली होती. ही युक्ती पुढे सर्वांनीच वापरली. २००० साली ३डीएफएक्सही एकाच कार्डावर दोन चिप बसवून रुंदीकडे वळली, पण तोवर उशीर झाला होता. त्याच डिसेंबरात तिची मुख्य मालमत्ता एनव्हीडियाने विकत घेतली.

या दशकातली सर्वांत बोलकी लढत २००२-०३ ची. २००२ च्या उन्हाळ्यात एटीआयने ‘रेडिऑन ९७०० प्रो’ आणले. आठ पाइपलाइन, ३२५ मेगाहर्ट्झ, जुन्याच ०.१५ मायक्रॉनच्या तंत्रावर घडवलेली, अकरा कोटींच्या आसपास ट्रान्झिस्टरची चिप. एनव्हीडियाने उत्तर म्हणून ‘जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा’ जाहीर केले. नवे ०.१३ मायक्रॉनचे तंत्र, साडेबारा कोटी ट्रान्झिस्टर, ५०० मेगाहर्ट्झ, आणि ठोक्याला आठ पिक्सेल काढण्याचा दावा. आठ गुणिले पाचशे म्हणजे चार हजार, रेडिऑनचे २,६००. कागदावर सामना संपलेला होता.

कार्ड हाती आले ते २००३ मध्ये. परीक्षकांनी मोजमाप सुरू केले, तेव्हा आकडा जुळेना. उलगडा झाला तो असा: रंगीत पिक्सेल ठोक्याला चारच निघत होते. आठ निघत ते फक्त खोलीची आणि स्टेन्सिलची नोंद करताना, रंग न भरता. म्हणजे पाइपलाइन खऱ्या अर्थाने चार, प्रत्येकीत चित्राचे थर वाचणारे दोन घटक. चार गुणिले पाचशे, दोन हजार. रेडिऑनपेक्षा कमीच. त्यात मेमरीचा रस्ता १२८ बिटांचा, रेडिऑनचा २५६ बिटांचा. त्यामुळे मेमरी ५०० मेगाहर्ट्झची असूनही सेकंदाला १६ गिगाबाइटच मिळत, रेडिऑनला १९.८. आणि ते पाचशे मेगाहर्ट्झ गाठायला जो पंखा बसवला होता, तो दोन खाचांची जागा खाई आणि एवढा घोंघावे की पुढे कंपनीच्याच लोकांनी त्या कार्डाने पालापाचोळा उडवल्याची थट्टेची चित्रफीत काढली. स्वतःवर हसण्याची ही दिलदारी मला आवडते. पण ज्याने आठ वाचून पैसे मोजले, त्याला ती चित्रफीत कितपत गमतीची वाटली असेल?

मूळ अडचण अशी की ‘पाइपलाइन’ या शब्दाची कुणी बांधलेली व्याख्याच नव्हती. मेगाहर्ट्झ हे भौतिकशास्त्राचे माप, ते उपकरणाने मोजता येते. पाइपलाइन हे कंपनीच्या पत्रकातले नाव. गुणाकारातली एक संख्या तोलून घेतलेली आणि दुसरी ऐकीव, असा हा हिशेब होता.

तरीही तो निरुपयोगी नव्हता. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर कार्डाची चौकशी केली की पहिला प्रश्न यायचा, ‘किती एमबीचे पाहिजे?’ मंदगती चिपवर २५६ एमबी मेमरी चिकटवून खोक्यावर तोच आकडा ठळक छापायचा, हा सर्रास प्रकार होता. त्या तुलनेत गुणाकार करणारा गिऱ्हाईक कितीतरी शहाणा. फक्त त्याने एक तिसरी गोष्ट बघायला हवी होती. २००४ च्याच उत्तरार्धात दोनशे डॉलरचे ‘जीफोर्स ६६०० जीटी’ आले: ८ पाइपलाइन, ५०० मेगाहर्ट्झ, गुणाकार ४,०००. त्याच घराण्यातले तीनशे डॉलरचे साधे ‘६८००’: १२ पाइपलाइन, ३२५ मेगाहर्ट्झ, गुणाकार ३,९००. मग शंभर डॉलर जास्त कशाला द्यायचे? स्वयंपाकघरातून पंक्तीपर्यंत अन्न येण्याच्या वाटेसाठी. ६६०० जीटीची मेमरी सेकंदाला १६ गिगाबाइट पुरवी, ६८०० ची २२.४. शिवाय ६६०० जीटीच्या आठ पाइपलाइनींपुढे तयार पिक्सेल मेमरीत नेऊन ठेवणारे घटक चारच होते. लहान पडद्यावर दोघांत फारसा फरक पडत नसे. पडदा मोठा केला, कडा गुळगुळीत करण्याची सोय चालू केली, की चपळ कार्ड हात रिकामे घेऊन दाराशी उभे राही आणि रुंद कार्ड पुढे जाई. पैसे कमी असतील तर ६६०० जीटी हीच निवड योग्य होती, असे मला आजही वाटते. पण ती दोन कार्डे ‘सारखी’ नव्हती.

साध्या ६८०० मध्ये आणखी एक गुपित होते. ती चिप सोळा पाइपलाइनींचीच. चार बंद करून विकलेली. एक्स ८०० प्रोचेही तेच. मोठ्या चिपमध्ये कुठेतरी दोष निघतोच. अख्खी चिप फेकण्यापेक्षा दोषी चौकडी बंद करून ती स्वस्तात विकणे शहाणपणाचे. पण स्वस्त कार्डांना मागणी जास्त आली की निर्दोष चिपांचीही तशीच बोळवण होई. लोकांनी ‘रिव्हाट्यूनर’सारख्या सॉफ्टवेअरने त्या चार पाइपलाइन उघडून पाहिल्या. काहींना सोळा मिळाल्या, काहींच्या पडद्यावर चित्र फाटले. त्याआधी ‘रेडिऑन ९५००’चे ९७०० करू पाहणाऱ्यांना कधी कधी चित्रावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसत. विकत घेतलेल्या वस्तूचा बंद ठेवलेला भाग कुणाचा, हा प्रश्न तेव्हा कुणी कोर्टात नेला नाही.

रुंदी जिंकली ती उष्णतेमुळे. चिपला लागणारी वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. क्लॉक चढवायचा तर बहुधा व्होल्टेजही चढवावे लागते, म्हणजे दुहेरी मार. पाइपलाइन दुप्पट केल्या तर वीज साधारण दुप्पट. २००४ मध्येच इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत सोडला, तो याच भिंतीला धडकून.

हा वाद ग्राफिक्स कार्डांपेक्षा जुना आहे. नांगराला दोन दणकट बैल जुंपाल की १,०२४ कोंबड्या, असा टोला महासंगणकांचे जनक सेमूर क्रे यांच्या नावावर सांगितला जातो. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली नेमकी कोंबड्यांची बाजू घेतली. १९९१ चा ‘परम ८०००’ एका महाकाय प्रोसेसरवर नव्हे, इन्मॉस कंपनीच्या अनेक ट्रान्सप्यूटरांच्या एकजुटीवर उभा होता. खेळांच्या बाजारात त्याच बाजूचा विजय झाला, हे आपल्याकडे फारसे कुणी नोंदवलेले नाही.

२००५ मध्ये गुणाकार शेवटचा जुळला. ‘जीफोर्स ७८०० जीटीएक्स’: २४ गुणिले ४३०, म्हणजे १०,३२०. ‘रेडिऑन एक्स १८०० एक्सटी’: १६ गुणिले ६२५, बरोबर १०,०००. जानेवारी २००६ मध्ये एटीआयच्या ‘एक्स १९००’ने चित्राचे थर वाचणारे घटक सोळाच ठेवून पिक्सेलवर हिशेब करणारे ४८ केले. आता गुणायचे कशाला, सोळाला की अठ्ठेचाळीसला? नोव्हेंबरात ‘जीफोर्स ८८०० जीटीएक्स’ आले आणि शब्दच गेला. १२८ ‘स्ट्रीम प्रोसेसर’, तेही १,३५० मेगाहर्ट्झवर, बाकीची चिप ५७५ वर. हे घटक पिक्सेललाच बांधलेले नव्हते. ‘कूडा’मुळे त्यांच्यावर कुठलेही गणित चालवता येऊ लागले. २०१२ मध्ये टोरोंटोत अ‍ॅलेक्स क्रिझेव्स्की यांनी चित्रे ओळखणारे ‘अ‍ॅलेक्सनेट’ शिकवले, ते खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन ‘जीटीएक्स ५८०’ कार्डांवर. प्रत्येकात असे ५१२ घटक.

घटक मोजण्याची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये ३२९ डॉलरला आलेल्या ‘जीटीएक्स ९७०’मध्ये तयार पिक्सेल मेमरीत ठेवणारे ६४ घटक आहेत, असे परीक्षकांना सांगितले गेले होते. मेमरीचा शेवटचा अर्धा गिगाबाइट संथ का, याचा शोध वापरणाऱ्यांनी घेतल्यावर जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने खरा आकडा दिला: ५६. या वेळी लोक कोर्टात गेले. २०१६ च्या तडजोडीत अमेरिकेतल्या ग्राहकांना कार्डामागे तीस डॉलर देण्याचे ठरले.